ओवी : रूप, लय व नाद

ओवी : मराठीतील एक अत्यंत प्राचीन छंद. तीन यमकबद्ध चरण आणि त्यांच्यामागून येणारा आखूड, निर्यमक चौथा चरण असे तिच्या ग्रांथिक रूपाचे सर्वसाधारण लक्षण सांगितले जाते. म्हणून तिला ‘साडेतीन चरणी’ असेही म्हणतात. चरणांतील अक्षरांची संख्या ठरलेली नसते आणि अक्षरांचा लघुगुरुक्रमही नियत नसतो. स्त्रियांच्या तोंडची, विशेषतः जात्यावर म्हटली जाणारी ओवी आणि ग्रंथरचनेसाठी कवींनी वापरलेली ओवी असे तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिलीचे अस्तित्व कंठात आहे, तर दुसरीचे पोथीत. ओवीच्या रूपाचा विचार करताना तिच्या या दुहेरी अस्तित्वाचा विसर पडला, तर ती सैल, अनियमित, किंबहुना अर्धवट गद्य असलेली रचना वाटू लागते. वस्तुतः तिचा नियम आहे. मात्र तो केवळ अक्षरांच्या संख्येत न सापडता उच्चाराला लागणाऱ्या काळात, यमकात आणि विरामात सापडतो. ओवीचा इतिहास हा या नियमाच्या व्यवहाराचा आणि त्याच्या हळूहळू होत गेलेल्या आकलनाचा इतिहास आहे.

व्युत्पत्ती व प्राचीन उल्लेख : ‘ओवी’ हा शब्द ‘ओवणे’ या क्रियापदाशी संबंधित असल्याचे सामान्यतः मानतात. फुले दोऱ्यात ओवावीत, तसे शब्द सुरात ओवणे ही त्यामागील कल्पना होय. ओवीचे सर्वांत जुने उल्लेख मराठी ग्रंथांत नसून संस्कृत ग्रंथांत आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सु. ११२९ मध्ये रचलेल्या मानसोल्लास अथवा अभिलषितार्थचिंतामणि या कोशवजा ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात, असे म्हटले आहे. हा उल्लेख ज्ञानेश्वरीच्या दीड शतकाहून अधिक आधीचा आहे. त्यातील तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत : ओवी ही गाण्याची वस्तू आहे, ती स्त्रियांच्या मुखातील आहे, आणि ती श्रमाशी जोडलेली आहे. पुढे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने आपल्या संगीतरत्नाकरात देशी प्रबंधांमध्ये ओवीला स्थान दिले. प्रासयुक्त तीन खंड देशभाषेत गाइले जातात आणि त्यांच्या अंती ‘ओवी’ हे पद येते, असे लक्षण त्याने दिले आहे. ग्रांथिक ओवीतील तीन यमकबद्ध चरण व त्यांच्यामागून येणारा वेगळ्या जातीचा चौथा अंश यांचे हे बीजरूप म्हणता येईल. ओवीची पहिली शास्त्रीय नोंद छंदःशास्त्राच्या ग्रंथात न होता संगीताच्या ग्रंथात झाली, ही गोष्टही तिच्या मूळ स्वरूपावर प्रकाश टाकणारी आहे.

जात्यावरील ओवी : पहाटे दळायला बसलेली स्त्री एका हाताने जात्याचा खुंटा फिरवते आणि दुसऱ्या हाताने मधूनमधून दाण्यांची मूठ जात्याच्या तोंडात सोडते. दोघी समोरासमोर बसल्या, तर खुंटा दोघींच्या हाती असतो आणि एकीने म्हटलेली ओळ दुसरी उचलते. दगडाची एकसारखी घरघर हा या गाण्याचा आधारस्वर आणि जात्याचा फेरा हा त्याचा ताल. शास्त्रीय संगीतातील तालाप्रमाणे येथे मात्रांची काटेकोर मोजदाद नसते. दाणे भरडत असताना फेरा जड होतो, पीठ सुटू लागले की हलका होतो, आणि गळाही त्या गतीशी जुळवून घेतो.

अशा ओवीचे छापील रूप पुष्कळदा दोन ओळींचे किंवा चार लहान चरणांचे असते. चार चरणी प्रकारात दुसऱ्या व तिसऱ्या चरणांच्या अंती यमक जुळते आणि चौथा चरण आखूड राहून ओवी मिटते. दोन ओळींच्या प्रकारात ओळींच्या अंती यमक असते. परंतु छापलेली ओवी आणि गाइलेली ओवी यांत मोठे अंतर आहे. गाताना ओळीचा उत्तरार्ध पुन्हा घेतला जातो, पहिली ओळ फिरून येते, ‘बाई’, ‘सये’, ‘माझ्या’, ‘गं’ यांसारखे शब्द मध्ये भरले जातात आणि चरणाच्या शेवटचा स्वर लांबवला जातो. त्यामुळे कागदावर दोन ओळींत संपणारी ओवी कंठात त्याहून कितीतरी लांब होते. हे भरणाचे शब्द निरर्थक मानून संग्राहकांनी अनेकदा गाळले. त्यामुळे आशय टिकला, पण लयीचा सांगाडा नाहीसा झाला. एखाद्या चरणात दोन अक्षरे कमी पडतात असे छापील ओवी वाचताना वाटते, तेथे गाणारीने एक संबोधन घातलेले असते. कोठे दोन अक्षरे अधिक होतात, तेथे ती भरभर उच्चारून एका ठोक्यात बसविलेली असतात. साने गुरुजींच्या स्त्रीजीवन या संग्रहासारख्या पुस्तकांनी या ओव्यांतील माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरी, सीता या विषयांची ओळख सुशिक्षित वाचकाला करून दिली. तिच्या नादाची ओळख मात्र मुद्रणातून होणे शक्य नव्हते.

ग्रंथातील ओवी : तेराव्या शतकाच्या अखेरीस ओवी ग्रंथरचनेचे माध्यम झाली. महानुभाव पंथातील महदाइसेचे धवळे हे विवाहप्रसंगी गावयाचे गीत असून ते ओवीच्या जवळचे आहे. नरेंद्राचे रुक्मिणीस्वयंवर (शके १२१४) आणि भास्करभट्ट बोरीकराचे शिशुपालवध यांनी ओवीला विदग्ध महाकाव्याच्या पातळीवर नेले. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, पूर्ण केलेल्या भावार्थदीपिका तथा ज्ञानेश्वरी या टीकेत सुमारे नऊ हजार ओव्या आहेत.

या रूपांतराची ज्ञानेश्वरांना स्पष्ट जाणीव होती. अठराव्या अध्यायाच्या शेवटी आपल्या रचनेविषयी बोलताना, ही ओवी गाइली तर गाण्याला शोभा आणते आणि गाण्यावाचूनही रंग दाखविते, अशा अर्थाचे विधान त्यांनी केले आहे. लहानथोरांस समजेल अशा ओवीप्रबंधात आपण अक्षरे गुंफली, असेही त्यांनी म्हटले आहे. हे केवळ आत्मगौरवाचे बोल नव्हेत. जो छंद तोपर्यंत सुराच्या आधाराने उभा होता, त्याला सुरावाचून, नुसत्या वाचनात आणि निरूपणात उभे करावयाचे होते. सूर काढून घेतल्यावर छंदाला धरून ठेवणारे दुसरे काहीतरी लागते. ज्ञानेश्वरांनी ते तीन ठिकाणी शोधले : लागोपाठ येणारी तीन यमके, चौथ्या चरणाचा अचानक येणारा आखूडपणा, आणि वाक्यरचनेची चरणाशी घातलेली सांगड.

यमकाचा परिणाम येथे विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. पहिल्या दोन चरणांच्या समान शेवटाने कानाला एक अपेक्षा लागते. तिसरा चरण ती पुरी करतो. चौथा चरणही तसाच येईल असे वाटत असतानाच तो लहान होऊन, वेगळ्याच ध्वनीवर थांबतो. या अपेक्षाभंगामुळे ओवी संपल्याचे कानाला कळते; अक्षरे मोजावी लागत नाहीत. वाक्याचे क्रियापद, संबोधन किंवा दृष्टान्ताचा अखेरचा शब्द पुष्कळदा या चौथ्या चरणात ठेवलेला असतो. त्यामुळे अर्थाचा भार आणि लयीचा विराम एकाच जागी येतात. याउलट दृष्टान्तांची मालिका चालू असताना वाक्य एका ओवीत न संपता पुढील ओव्यांत वाहत जाते. तेव्हा प्रत्येक ओवीच्या शेवटचा विराम हा पूर्णविराम न राहता पायरीसारखा होतो.

एका ओवीचे पृथक्करण : ज्ञानेश्वरीची आरंभीची, सर्वपरिचित मंगलाचरणाची ओवी घेतली, तर हा नियम प्रत्यक्ष तपासता येतो. तिच्या चार चरणांत अनुक्रमे ६, ६, ८ आणि ४ अक्षरे आहेत. पहिल्या तीन चरणांच्या शेवटी ‘द्या’ हे एकच अक्षर येते आणि त्याच्या आधीच्या अक्षरात तिन्ही वेळा दीर्घ स्वर आहे. चौथ्या चरणाचा शेवट ‘पा’ या अक्षरावर होतो. अक्षरांच्या संख्येकडेच पाहिले, तर तिसरा चरण पहिल्या दोहोंपेक्षा एकतृतीयांशाने मोठा आहे व रचना असमान आहे, असे म्हणावे लागेल. परंतु लघू अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन मात्रा धरून मोजणी केली, तर चित्र बदलते. संयोगापूर्वीचे अक्षर गुरू मानण्याच्या संस्कृत नियमानुसार पहिल्या तीन चरणांच्या मात्रा अनुक्रमे ११, १० आणि १२ येतात. मराठी उच्चारात शब्दाच्या शेवटी आलेले अक्षर पुढील शब्दातील जोडाक्षरामुळे सहसा गुरू होत नाही. ही गोष्ट ध्यानात घेतली, तर तिसऱ्या चरणाच्या ११ मात्रा होतात. तिसऱ्या चरणाच्या आरंभी एका दोन अक्षरी शब्दाची द्विरुक्ती आहे आणि ती चारही अक्षरे ऱ्हस्व स्वरांची आहेत. अधिक झालेली दोन अक्षरे त्या हलक्या उच्चारात सामावली जातात. चौथ्या चरणाच्या मात्रा ७ आहेत.

म्हणजे डोळ्याला ६, ६, ८ असे दिसणारे चरण कानाला जवळजवळ सारखे लागतात, आणि चौथा स्पष्टपणे तोकडा लागतो. शिवाय चौथा चरण हे संबोधन असून आधीच्या तीन चरणांतील विशेषणांचा रोख त्याच्याकडे आहे. लय जेथे मिटते, तेथेच आवाहनही पूर्ण होते. या एका उदाहरणावरून ओवी हा मात्रांचा छंद आहे असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. ज्ञानेश्वरीतच अशा असंख्य ओव्या आहेत, की ज्यांत मात्रांचेही प्रमाण सारखे नाही. एवढेच म्हणता येते, की अक्षरसंख्येतील कमीअधिकपणा उच्चाराच्या गतीने सावरून घेण्याची मुभा या छंदात आहे आणि कुशल कवी तिचा उपयोग जाणीवपूर्वक करतो.

अशा मोजणीला पाठाची मर्यादाही आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरल्या जाऊन पाठ बिघडले, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) तिची शुद्ध प्रत तयार केली, वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रतीतील पाठ प्रचलित पाठांहून पुष्कळ ठिकाणी निराळे आहेत. जुन्या रूपाऐवजी नवे रूप लिहिले गेले, की चरणातील अक्षर वाढते किंवा घटते. म्हणून अक्षरसंख्येवर फार बारीक अनुमाने बसविणे धोक्याचे असते. यमक आणि चौथ्या चरणाचा आखूडपणा ही लक्षणे पाठभेदांतूनही बहुधा टिकून राहतात.

साडेतीन चरणांचे मर्म : ओवीशी निकट नाते असलेल्या ⇨ अभंगात हा आखूडपणा निश्चित संख्येत बांधला गेला. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात सहा अक्षरांचे तीन आणि चार अक्षरांचा एक असे चरण असून एकूण बावीस अक्षरे होतात. यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत असते. नामदेवांच्या नावावर असलेल्या अभंगांत या लक्षणाची चर्चा आढळते. लहान अभंगात आठ आठ अक्षरांचे दोन चरण असतात. मोठ्या अभंगातील ६, ६, ६, ४ हा क्रम गाताना किंवा टाळाच्या ठेक्यावर म्हणताना चौथा चरण दोन अक्षरांनी अपुरा राहत नाही. शेवटचे अक्षर लांबवून किंवा क्षणभर थांबून ती जागा भरली जाते. काळाच्या दृष्टीने चारही चरण सारखेच होतात. ‘साडेतीन’ ही अक्षरांची गणना आहे. उरलेला अर्धा चरण मौनाचा किंवा लांबविलेल्या सुराचा आहे. जात्यावरच्या ओवीत ही जागा दगडाची घरघर भरते, कीर्तनात टाळ-मृदंग भरतात, आणि पोथीवाचनात वाचणाऱ्याचा श्वास भरतो. लिखित ओळीत जे दिसत नाही, तेही छंदाचा घटक असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मराठीत मिळणे कठीण आहे.

ओवीची पुढील वाटचाल या विरामाच्या कमीअधिक होण्यातून दिसते. एकनाथांच्या भागवतटीकेतील (१५७३) ओवी ज्ञानेश्वरांच्या ओवीपेक्षा लांब चरणांची आहे; निरूपणाचा ओघ तीत अधिक आहे. रामदासांनी वीस दशक आणि दोनशे समास असलेल्या दासबोधासाठी ओवीच निवडली आणि तिला उपदेशाचा ठसठशीत, तुटक स्वर दिला. मुक्तेश्वराच्या महाभारतातील पर्वांत ती वर्णनाने सजली. श्रीधराच्या (१६५८–१७२९) हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप या ग्रंथांत तिचे चरण इतके लांबले, की यमक वगळता ती गद्याच्या सीमेवर येते. तरीही हे ग्रंथ घरोघरी वाचले गेले, कारण पोथी वाचण्याची एक परंपरागत चाल ऐकणाऱ्यांच्या कानांत होती आणि लांब चरणही त्या चालीत बसत असे.

अन्त्य अकाराचा प्रश्न : मराठी बोलण्यात शब्दाच्या शेवटचा ‘अ’ सामान्यतः उच्चारला जात नाही. ‘घर’ हा शब्द लिहिताना दोन अक्षरांचा असला, तरी बोलताना एकाच आघातात संपतो. ‘करवत’ या शब्दात मधला अकारही लोपतो. ओवी व अभंग यांत मात्र अशी सर्व अक्षरे पूर्ण मोजली जातात आणि चालीवर म्हणताना ती पूर्ण उच्चारलीही जातात. देवनागरी लिपीत लोपलेला आणि न लोपलेला ‘अ’ सारखाच लिहिला जात असल्यामुळे जुन्या कवितेत तो उच्चारला जात होता की नाही, हे लेखनावरून ठरविता येत नाही.

या बाबतीत गोव्यात रचलेल्या एका ग्रंथाची साक्ष उद्‌बोधक आहे. मूळचे इंग्लंडचे जेझुइट धर्मोपदेशक फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांनी ख्रिस्तपुराण हा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रचला व तो १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. परदेशी कवीने मराठीतील प्रौढ ग्रंथरचनेसाठी ओवीच स्वीकारावी, ही त्या छंदाच्या प्रतिष्ठेची खूण होय. रोमन लिपीत प्रत्येक स्वर वेगळा लिहावा लागतो आणि या ग्रंथात शब्दान्तीचे अकार लिहून दाखविलेले आहेत. हे लेखन देवनागरीच्या वळणाला अनुसरून झाले असणेही शक्य आहे. परंतु ओवीच्या रचनेत तो अकार अक्षर म्हणून जमेस धरला जात होता, या समजुतीला त्याने दुजोरा मिळतो. कवितेची भाषा आणि व्यवहाराची भाषा यांच्यातील हे अंतर आजचा वाचक ओवी मनातल्या मनात वाचतो तेव्हा नेमके पुसले जाते. चरण लंगडा वाटण्याचे ते एक प्रमुख कारण आहे.

वृत्ते व आर्या यांच्याशी तुलना : ओवीचे वैशिष्ट्य संस्कृतातून आलेल्या वृत्तांशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. अक्षरगणवृत्तांत प्रत्येक अक्षराचे लघुगुरुत्व ठरलेले असते. रामदासांनी मनाच्या श्लोकांसाठी वापरलेल्या भुजंगप्रयातात चार ‘य’गण, म्हणजे एक लघू व दोन गुरू हा क्रम चार वेळा येऊन, बारा अक्षरांचा चरण होतो; शार्दूलविक्रीडितात एकोणीस अक्षरे असून बाराव्या अक्षरानंतर यती येते. वामनपंडितांच्या श्लोकांनी ही वृत्ते मराठीत रुळविली. मोरोपंतांची (१७२९–९४) आर्या मुख्यतः गीती प्रकारची असून तिच्या दोन्ही अर्धांत प्रत्येकी तीस मात्रा असतात. या दोन्ही प्रकारांत लय अक्षरांच्या मांडणीतच कायम गोठविलेली असते. वाचणारा कोणीही असो, ती तशीच निघते. त्याची किंमत मराठी शब्दांना द्यावी लागते : ऱ्हस्वाचे दीर्घ, दीर्घाचे ऱ्हस्व करणे, शब्दक्रम उलटापालटा करणे, संस्कृत समासांचा आश्रय घेणे. ओवीत शब्दाला आपले बोलण्यातील रूप व क्रम बव्हंशी राखता येतो. पण लय निर्माण करण्याची जबाबदारी म्हणणाऱ्यावर पडते. वृत्ताची लय कवी पूर्ण करून देतो. ओवीची लय कवी आणि वाचक मिळून पुरी करतात.

छंदःशास्त्रातील विवेचन : एकोणिसाव्या शतकात मराठी कविता छापील पाठ्यपुस्तकांतून शिकविली जाऊ लागली. परशुरामपंत गोडबोले यांचे नवनीत (१८५४) हे वेचे आणि त्यांचेच वृत्तदर्पण ही त्या अध्ययनाची साधने होती. वृत्तदर्पणासारख्या ग्रंथांनी गण पाडणे, मात्रा मोजणे, यती ओळखणे ही शिस्त सुशिक्षितांच्या अंगवळणी पाडली. या शिस्तीने तपासता येईल अशी रचना ती ‘नियमित’, असा ग्रह त्यामुळे बळावणे स्वाभाविक होते. ओवी त्या मापात बसत नव्हती.

या प्रश्नाचा पद्धतशीर विचार माधवराव पटवर्धन तथा ⇨ माधव जूलियन (१८९४–१९३९) यांनी केला. त्यांचा छंदोरचना हा ग्रंथ १९२७ मध्ये आणि त्याची विस्तृत सुधारित आवृत्ती १९३७ मध्ये प्रसिद्ध झाली. या कार्याबद्दल मुंबई विद्यापीठाने १९३८ मध्ये त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली. मराठी पद्याचे छंद, वृत्त आणि जाती असे तीन वर्ग त्यांनी केले. वृत्तात लघुगुरूंचा क्रम निश्चित असतो. जातीत मात्रांची आवर्तने असतात. छंदात लघुगुरुभेद गौण असून अक्षरसंख्या प्रधान असते. अभंग आणि ओवी यांना संस्कृत मापाने उणे न ठरवता त्यांचे स्वतंत्र तत्त्व मान्य करणे, हे या वर्गीकरणाचे मोठे यश होय. छंदात प्रत्येक अक्षर सारख्याच दीर्घ काळाचे म्हणून उच्चारले जाते, हे त्यामागील सूत्र अभंगाला चांगले लागू पडते. ओवीच्या बाबतीत मात्र अक्षरसंख्याच अनिश्चित असल्यामुळे ते अपुरे ठरते. जेथे अक्षरे वाढतात तेथे त्यांचा उच्चारकाल कमी होतो, हे वरील पृथक्करणात दिसलेच. ना. ग. जोशी यांनी मराठी छंदोरचना (१९५५) या ग्रंथात लयीच्या दृष्टीने सर्व पद्यप्रकारांचा पुनर्विचार केला. अक्षर किंवा मात्रा हे लय मोजण्याचे साधन आहे, लय नव्हे, ही दृष्टी ओवीच्या अभ्यासाला अधिक जवळची आहे.

आधुनिक काळ : विसाव्या शतकात निश्चित मापाच्या बंधनातून सुटण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा ओवीचा आदर्श नव्याने उपयोगी पडला. आ. रा. देशपांडे तथा ‘अनिल’ (१९०१–८२) यांच्या भग्नमूर्ति (१९४०) या दीर्घकाव्यातील ⇨ मुक्तच्छंदाने चरणाची लांबी मोकळी सोडूनही लय राखता येते, हे दाखविले. मराठीला ही गोष्ट अगदीच अपरिचित नव्हती. बा. सी. मर्ढेकर (१९०९–५६) यांनी काही कविता (१९४७) या संग्रहात ओवी-अभंगांचे परंपरागत नाद यंत्रयुगातील शहरी जीवनाच्या चित्रणासाठी वापरले. संतवाणीचा ओळखीचा ठेका आणि त्याला न शोभणारा आशय यांच्या संघर्षातून त्यांच्या कवितेतील उपरोध व वेदना धारदार होतात. छंद हा अर्थाचा केवळ वाहक नसून स्वतः अर्थ निर्माण करतो, हे त्यातून प्रत्ययास येते. दुसऱ्या टोकाला खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आहेत. लिहितावाचता न येणाऱ्या या कवयित्रीने घरकाम व शेतकाम करीत रचलेली गाणी तिच्या नातलगांनी टिपून ठेवली आणि ती १९५२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. सोमेश्वराने बाराव्या शतकात नोंदविलेली श्रम आणि गाणे यांची जोडी त्यांत अखंड दिसते.

ध्वनिमुद्रणे व अभ्यासाची पुढील दिशा : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पिठाच्या गिरण्या खेडोपाडी पोहोचल्या आणि हाताचे जाते मागे पडले. स्त्रियांचे मोठे कष्ट त्यामुळे वाचले. त्याबरोबरच ओवी म्हणण्याचा नित्याचा प्रसंगही सरला. लग्नकार्यातील हळद दळण्यासारख्या विधींपुरते जाते उरले. अशा काळात पुणे येथे राहून काम करणारे गी प्वातव्हँ (१९३४–२००४) आणि हेमा राईरकर यांनी १९८० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रातील शेकडो गावांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने २०१७ पासून हा संग्रह टप्प्याटप्प्याने लोकांसमोर आणण्यास आरंभ केला.

छंदोविचाराच्या दृष्टीने या ध्वनिमुद्रणांचे मोल असाधारण आहे. ज्ञानेश्वरांच्या काळी ओवी कशी म्हटली जात असे, हे त्यांवरून सिद्ध होणार नाही. सात शतकांत चाली बदलल्या असणार. परंतु अक्षरे कोठे लांबविली जातात, कोठे दाटून म्हटली जातात, भरणाचे शब्द कोणत्या जागी येतात आणि आखूड चरणाचा उरलेला काळ कसा भरला जातो, हे प्रश्न त्यांच्या साहाय्याने अनुमानाऐवजी कानाने सोडविता येतात. ज्या ग्रंथांत ओवी लिहिली गेली, ते ग्रंथ सुरक्षित आहेत. ज्या कंठांतून ती आली, त्यांतील अनेक आता मौन झाले आहेत. ओवीचे शास्त्र पूर्ण करावयाचे, तर पोथीइतकाच जात्यावरील आवाजही मूळ पाठ म्हणून जपणे व अभ्यासणे अगत्याचे आहे.